पेटीवाल्या वहिनींची वर्गणी



इंदापूर तालुक्यातल्या एका भगिनीचं चार पानी पत्र माझ्यापुढे आहे. नाव-गाव छापू नका म्हणतात, म्हणून छापत नाही. पण त्यांचा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. बारामतीच्या पेठेपासून नीरेच्या काठच्या वाड्यावस्त्यांपर्यंत, जिथे जिथे महिलांचं भजनी मंडळ आहे, तिथे तो आज ना उद्या निघणारच.

या वहिनींनी लग्नाआधी पेटीच्या मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या. लग्न झालं, पेटी माहेरी माळ्यावर गेली. बारा वर्षांनी गावातल्या मंडळाच्या पेटीवाल्या आजींची बोटं चालेनाशी झाली आणि कुणाला तरी आठवलं, "अहो, तुम्हांला येते ना?" तेव्हापासून एकादशी, गुरुवार, बारसं, सत्यनारायण, हळदीकुंकू, कुठेही बोलावणं आलं की पेटीवर ह्याच. तबल्याला बाहेरून एक गृहस्थ येतात, त्यांना पाकीट मिळतं. वहिनींना नारळ आणि ब्लाउजपीस. मंडळाच्या वहीत त्यांचं नावच नाही. का, तर "वर्गणी गाणाऱ्या बायकांची, तुम्ही तर वाजवणाऱ्या!" आता मंडळाची रीतसर नोंदणी व्हायची आहे आणि अध्यक्षबाई म्हणतात, सभासद व्हा. यजमान म्हणतात, "वाजवायची तर वाजव, पण सभासद-बिभासद नको. एकदा नाव घातलंस की रोजचं बोलावणं." वहिनी विचारतात, होऊ की नको?

व्हा. पण आधी दोन गोष्टी ऐका.

मंडळात गाणाऱ्या वीसजणी असतात, पेटीवाली एकच. वीसातली एक आजारी पडली तर एकोणीसजणी गातात, पेटीवाली आजारी पडली तर भजन अडतं. अभंग सुरू व्हायच्या आधी सूर कोण देतं? तिसऱ्या कडव्यात उत्साहाच्या भरात सगळ्याजणी वर चढल्या की त्यांना ओढून जागेवर कोण आणतं? साठीच्या आजींचा आवाज पांढरी चारच्या वर जात नाही आणि कॉलेजातल्या सुनेला काळी पाच हवी असते. मग मधली पट्टी धरून दोघींनाही राजी ठेवायचं काम कुणाचं? तबला लावायचा तोसुद्धा पेटीच्या सुरालाच. वहिनी, तुम्ही स्वतःला 'साथीला बसणारी' म्हणवता, पण मंडळ तुमच्या सुरावर उभं आहे. आणि तुमचंच नाव वहीत नसावं?

ही एकटेपणाची गोष्ट परदेशांतल्या वाजवणाऱ्यांनाही चुकली नाही बरं का. तिकडे चर्चमध्ये ऑर्गन असतो. गाणारे पुष्कळ, पण ऑर्गन वाजवणारा प्रत्येक चर्चमध्ये साधारण एकच. पगार ठरवणार कमिटी, त्याचं वाजवणं चांगलं की वाईट हे सांगणारीही कमिटीच, आणि कमिटीत वाजवता येणारा एखादाच. म्हणून १८६४ साली लंडनला ऑर्गनवादकांनी आपली संस्था काढली, पुढे तीच रॉयल कॉलेज ऑफ ऑर्गनिस्ट्स झाली. १८९६ साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन गिल्ड ऑफ ऑर्गनिस्ट्स निघाली. दोन्ही संस्थांनी परीक्षा घेतल्या, दाखले दिले. ह्या मंडळींना एकमेकांची ओळख झाली, ही माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट.

आपल्या पेटीचंही मूळ तिकडचंच. पॅरिसच्या दबँनं १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं. तिचा भाता पायानं हलवायचा. आपल्या संगीत नाटकांच्या पिटात वाजणारा ऑर्गनही तसाच पायभात्याचा, म्हणून दोन्ही हात मोकळे. हातभात्याची, मांडी घालून वाजवायची पेटी मात्र इथली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी तिला नुसत्या साथीतून वर काढलं. तरी तिच्या नशिबी उपेक्षा आलीच. तिच्यावर मींड निघत नाही, तिचे सूर ठरलेले, म्हणून १९४० साली रेडिओनं तिला दार बंद केलं आणि ते उघडायला तीस वर्षं लागली. गावोगावच्या देवळांत मात्र ती वाजतच राहिली. वहिनी, तुमची आणि तुमच्या पेटीची कहाणी सारखीच आहे म्हणायची!

आता परीक्षांबद्दल. तुम्ही पत्रात 'मध्यमा'चा उल्लेख अगदी कंसात, लाजत लाजत केला आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा राजेरजवाड्यांचा आश्रय न धरता लोकांच्या पैशावर शाळा चालवायची हे त्यांनी ठरवलेलं होतं. १९३१ साली ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. तुमच्या हातातला दाखला त्या परंपरेतला आहे. मध्यमा पूर्णच्या पुढे विशारद आहे, त्याच्यापुढे अलंकार. विशारदचं मनात आणा. वयाचा संकोच नको. मुलांच्या दहावीच्या वर्षी बसू नका, एवढंच माझं सांगणं.

आता सभासद होण्याचं. इथे माझा स्वतःचा अनुभव सांगते. मी पूर्वी एका मंडळात होते, गाव सांगत नाही. पंधरा वर्षं गोडीगुलाबीनं चाललं. वही नव्हती. आलेली दक्षिणा एका बाईंच्या कपाटातल्या डब्यात. मग नव्या मृदंगाची वेळ आली, डबा उघडला आणि प्रत्येकीच्या मनातला आकडा वेगळा! त्या बाईंनी एक पैसा घेतला नसेल, मला आजही खात्री आहे. पण तोंडं फिरली ती फिरली. आषाढीला दोन गट वेगवेगळ्या ओट्यांवर बसून तेच अभंग म्हणत होते. तेव्हापासून मी वहीची भक्त झाले.

तर नोंदणी होते आहे हे चांगलंच. संस्था नोंदवायला निदान सातजणी लागतात. उद्देश लिहावे लागतात, नियमावली करावी लागते, कागद पुण्याच्या धर्मादाय कार्यालयात जातात. त्यानंतर दरवर्षी हिशेब तपासून द्यावा लागतो, हे अध्यक्षबाईंना आधी विचारून घ्या. पुष्कळ मंडळं हौसेनं नोंदणी करतात आणि मग कागद भरायला कुणी नसतं. बँकेत खातं मंडळाच्या नावे हवं, पैसे काढायला दोघींच्या सह्या हव्यात. नियमावली होतानाच तुम्ही बोललं पाहिजे, नंतर नाही. त्यात एक ओळ घालून घ्या, की वाजवणारी ही गाणारीइतकीच सभासद, तिला मताचा तोच अधिकार. दुसरी ओळ मानधनाची. बाहेरच्या वादकाला देता तर घरच्या वादकालाही द्या, नाहीतर दोघांनाही देऊ नका. तुम्हांला पैसे घ्यायला संकोच वाटतो, तर घेऊन मंडळाच्या पेटीच्या दुरुस्तीला द्या. पण पावती तुमच्या नावाची असू द्या. देवाच्या कामाचे पैसे कसे मागायचे, असं लिहिता. तबल्याचं काम देवाचं नसतं का हो?

खजिनदार मात्र पहिल्या वर्षी होऊ नका. पेटी आणि पेटीतले पैसे, दोन्ही एकीच्या मांडीवर नकोत.

यजमानांविषयी. तुमच्या पत्रावरून ते रागीट वाटत नाहीत मला, धास्तावलेले वाटतात. कारखान्यात पाळीची नोकरी, गळीत हंगामात घरी यायची वेळ धड नाही आणि आल्यावर घराला कुलूप! त्यांच्या जागी मी असते तर मीही कुरकुरले असते. त्यांना 'रोजचं बोलावणं' ही भीती आहे ना? मग आकडा ठरवा. महिन्यातून चार कार्यक्रम, रात्री नवाच्या आत घरी, हंगामात दोनच. हे मंडळाला लिहून द्या आणि त्याची प्रत घरात कॅलेंडरशेजारी लावा. सभासद नसताना तुम्हांला 'नाही' म्हणता येत नव्हतं, कारण तुम्ही उपकार करत होता आणि उपकाराला सुट्टी नसते. नाव वहीत आलं की नियम आला. हे त्यांना समजावून सांगा, मला वाटतं पटेल.

आणखी एक माझ्या मनातलं. इंदापूर, निमगाव केतकी, सणसर, बारामती ह्या पट्ट्यात तुमच्यासारख्या पेटीवाल्या किती असतील! तुकोबांची पालखी ह्याच वाटेनं जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण. त्या दिवसांत गावोगावच्या मंडळांतल्या बायका एकत्र येतात. चालत्या दिंडीत पेटी नसते, तिथे टाळ, मृदंग आणि वीणा. म्हणजे त्या दिवशी पेटीवाल्या मोकळ्या! एकमेकींचे फोन नंबर घ्या. महिन्यातून एकदा बारामतीला कुणाच्या तरी घरी जमा. बारामतीला चर्चही आहे, मराठी ख्रिस्ती घरांतून रेव्हरंड टिळकांची गीतं पेटीवर म्हणतात, तिथली एखादी वाजवणारी सापडली तर तिलाही बोलवा. बोटं तीच, सूर तेच. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा खर्चाची सबब नको. तुम्ही आजारी पडलात तर शेजारच्या गावची येईल, तिची मुलगी बाळंतपणाला आली की तुम्ही जाल.

शेवटी तुम्ही विचारलंय, माहेरून आणलेल्या पेटीचे दोन सूर दाबल्यावर वर येत नाहीत. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तसं होतं. तेल अजिबात सोडू नका, धूळ चिकटून कायमचं बसेल. पेटी उन्हात ठेवू नका, लाकूड तडकतं आणि भात्याचे सांधे सुटतात. कोरड्या खोलीत पाटावर ठेवा, जमिनीवर नको. उंदीर भात्याचं चामडं आवडीनं खातात, म्हणून पेटी झाकणाच्या खोक्यातच असू द्या. वाजवून झालं की भाता मिटून कडी लावायची. एकही पट्टी न दाबता मुलांना भाता मारू देऊ नका. आणि आठवड्यातून दोनदा, कार्यक्रम असो-नसो, दहा मिनिटं सगळे सूर वाजवा. एवढं करून दिवाळीनंतरही ते दोन सूर अडले, तर दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या आणि बिल मंडळाच्या नावानं घ्या.