घोड्याला किती गुण, बाईला किती?

अमेरिकेत 1930 ते 1950 च्या दशकांत स्वस्तातले काउबॉयपट शेकड्यांनी निघाले. लांबी तासाभराची, चित्रीकरण आठवड्या-दोन आठवड्यांत उरकलेलं, डोंगर तेच आणि घोडदौडीही त्याच. रिपब्लिक, मोनोग्रामसारख्या कंपन्या असे चित्रपट काढत. यातले बरेचसे आज फुकट बघायला मिळतात. ते चवीने पाहून त्यांना तारे देणारे हौशी प्रेक्षकही पुष्कळ आहेत. मारामारीला गुण, पाठलागाला गुण, गाण्यांना, विनोदी साथीदाराला, घोड्याला गुण. नायिकेबद्दल बहुधा एकच ओळ असते : दिसायला बरी आहे.

एवढी कामं पडलेली असताना या जुन्या मारधाडपटांचं काय घेऊन बसलात, असं कुणी विचारेल. पण शूर कोण, मालक कोण आणि वाचवायचं कुणाला, हे अमेरिकेतल्या मुलांच्या कित्येक पिढ्या इथेच शिकल्या. शिवाय हे साहित्य आपल्यापर्यंतही पोचलं. मुखवटा, चाबूक आणि घोडा मुंबईच्या वाडिया मूव्हिटोनने 1935 च्या ‘हंटरवाली’त नादियाच्या हाती दिले आणि प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले. म्हणून कशाला गुण द्यायचे हा प्रश्न किरकोळ नाही. ज्याला आपण गुण देतो, तेच महत्त्वाचं ठरतं.

या चित्रपटांची नेहमीची गोष्ट बघा. गुरांच्या मळ्याचा म्हातारा मालक पहिल्या दहा मिनिटांत मारला जातो. जमीन गहाण असते. मुलगी हवालदिल होते. नायक येतो, कागद सोडवतो, जमीन वाचवतो. जमीन तिची, पण लढाई त्याची. रॉय रॉजर्सच्या जाहिरातींत त्याच्या ट्रिगर घोड्याचं नाव ठळक असे आणि नायिका डेल इव्हान्सचं अनेकदा त्याच्यानंतर येई.

प्रत्यक्ष इतिहास मात्र वेगळा आहे. 1862 च्या होमस्टेड कायद्यानुसार एकट्या बाईला, म्हणजे अविवाहितेला किंवा विधवेला, 160 एकरांवर स्वतःच्या नावाने हक्क सांगता येत होता. नवरा असलेल्या बाईला सहसा तो हक्क नव्हता. वायोमिंगमध्ये बायकांना 1869 मध्येच मताचा अधिकार मिळाला, तर देशभरच्या बायकांच्या मताधिकारासाठी राज्यघटनेत दुरुस्ती व्हायला 1920 साल उजाडावं लागलं. जमीन कसणाऱ्या, मत देणाऱ्या या बायका पडद्यावर आल्या त्या ‘मालकाची मुलगी’ होऊन.

पण सगळेच चित्रपट तसे नव्हते, आणि नेहमीच्या गुणपत्रिकेत नेमके तेच हरवतात. ‘वॉटर रस्टलर्स’ (1939) घ्या. खाणवाला धरण बांधून ओढ्याचं पाणी अडवतो आणि खालच्या मळ्यांतली गुरं तहानेने मरायला लागतात. त्याच्याविरुद्ध उभी राहते ती मळ्याची मालकीण. डोरोथी पेजला नायिका करून काढलेली ही मालिका तीन चित्रपटांतच थांबली. पाणी कोण अडवतं आणि त्यासाठी कोण भांडतं, हा प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याही बाईला समजावून सांगावा लागणार नाही.

‘झोरोज ब्लॅक व्हिप’ (1944) ही बारा भागांची मालिका. वर्तमानपत्र चालवणाऱ्या भावाचा खून होतो. बहीण वर्तमानपत्रही चालवते आणि त्याचा मुखवटाही चढवते. लिंडा स्टर्लिंगने ही भूमिका केली. तिच्या धाडसी उड्या बेब डिफ्रीस्ट या स्टंटबाईने मारल्या. आणि गोष्टीत झोरो कुठेही नसताना नाव मात्र झोरोचं!

तिसरा रॉजर कॉर्मनचा ‘गनस्लिंगर’ (1956). जेमतेम आठवड्याभरात, भर पावसात उरकलेला. 1993 मध्ये अमेरिकी टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमाने त्याची यथेच्छ टिंगल केली, आणि तांत्रिकदृष्ट्या ती रास्तच होती. पण त्यात आहे काय? मार्शल मारला जातो आणि त्याची विधवा त्याचा बिल्ला स्वतःच्या छातीवर लावते. तिच्यासमोर उभी आहे दारूच्या गुत्त्याची मालकीण. रेल्वे येणार या आशेने ती जमिनी बळकावते आहे. सत्ता आणि जमीन यांवरून दोन बायकांमधला झगडा! पैसे ओतून काढलेल्या कितीतरी चित्रपटांत हे सापडत नाही. नेहमीच्या मोजपट्टीवर याला एक तारा मिळेल. माझ्या मते ती मोजपट्टीच अपुरी आहे.

अर्थात बाईच्या हाती बंदूक आली की झालं, असंही नाही. ती 160 एकर जमीन मुळात तिथल्या आदिवासींकडून हिसकावलेली होती, आणि पडद्यावर ते आदिवासी बहुतेकदा गोळ्या खाऊन पडण्यापुरतेच येतात. कृष्णवर्णीय काउबॉय नायक होऊ शकला, तो फक्त त्यांच्यासाठी वेगळ्या काढलेल्या चित्रपटांत. हर्ब जेफ्रीजचा ‘हार्लेम ऑन द प्रेरी’ (1937) त्यांपैकी एक. मालकीण शूर आहे म्हणून हा प्रश्न सोडून देता येणार नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत असा एखादा तासाभराचा चित्रपट जरूर लावा. नंतर गुणही द्या, पण आपले रकाने आपण आखू. जमिनीचा कागद कुणाच्या नावावर आहे? शेवटचा निर्णय कोण घेतं? दोन बायका एकमेकींशी कशाबद्दल बोलतात? त्या जमिनीवर आधी कोण राहत होतं? पाठलागाला आणि घोड्यालाही गुण द्यायला हरकत नाही. ते खरोखरच उत्तम धावतात. फक्त सगळे तारे त्यांच्यावरच संपवू नका. आणि हे रकाने हाताशी ठेवा, आजचे चित्रपट आणि मालिका तपासतानाही ते लागतील.