नोकरी सोडण्याची वेळ जाहिरातीने ठरू नये

देशातील २९ कामगार कायद्यांच्या जागी आणलेल्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यानंतरची चर्चा मुख्यतः हातात पडणारा पगार आणि कामाचे तास याभोवतीच फिरली. नोकरी सोडू पाहणाऱ्या माणसाला या संहितांनी काय दिले, याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. वस्तुतः वेर्णा, कुंडई, थिवी किंवा पिळर्णच्या औद्योगिक वसाहतींत रोज पाळीची बस पकडणाऱ्या असंख्य तरुणांच्या मनात हाच प्रश्न घोळत असतो. काम नकोसे झाले आहे; पण निघण्याची वेळ आली आहे का, आणि ती आली हे ओळखायचे कसे?

गोव्यात या प्रश्नाचे एक ठरीव उत्तर घराघरांत ऐकू येते: ‘सरकारी मिळेपर्यंत धरून ठेव.’ खाजगी नोकरी म्हणजे प्रतीक्षालय, ही आपल्याकडची सर्वमान्य समजूत आहे. राज्यातील बहुतेक सरकारी पदांसाठी वयोमर्यादा ४५ वर्षांपर्यंत असल्याने ही प्रतीक्षा पंचविशीत सुरू होऊन चाळिशी ओलांडेपर्यंत चालू शकते. या काळात माणूस जिथे आहे तिथे मनापासून रमत नाही आणि तेथून निघतही नाही. नवे यंत्र शिकून घेणे, पर्यवेक्षकपदासाठी प्रयत्न करणे, दुसऱ्या कंपनीत अर्ज करणे या साऱ्या गोष्टी पुढच्या जाहिरातीपर्यंत लांबणीवर पडतात. राहणे आणि सोडणे, दोन्ही निर्णय आपल्या हातून निसटतात.

या मानसिकतेची किंमत आकड्यांतही दिसते. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये गोव्यातील बेरोजगारीचे प्रमाण ८.५ टक्के होते; देशाची सरासरी ३.२ टक्के होती. दरडोई उत्पन्नात अग्रेसर असलेल्या राज्यात ही तफावत केवळ उद्योगांच्या अभावाने स्पष्ट होत नाही. शिक्षण आणि उपलब्ध काम यांचा न जुळणारा सांधा, तसेच विशिष्ट नोकरीसाठी थांबण्याची कुटुंबाची ऐपत, हीही तिची कारणे मानावी लागतील. याच आशेवर दलालांचा बाजार उभा राहिला. २०२४ च्या अखेरीस सरकारी नोकरीचे आमिष दाखवून लाखो रुपये उकळल्याच्या तक्रारी एकामागून एक दाखल झाल्या आणि अनेकांना अटक झाली. प्रतीक्षा हाच ज्याचा बेत, तो माणूस सहज फसवला जातो, हा त्या प्रकरणाचा खरा धडा होता.

मग वेळ ओळखायची कशी? अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मधील आपल्या ग्रंथात एक उपयुक्त मांडणी केली. एखाद्या संस्थेची अवस्था बिघडते तेव्हा तिच्यातील माणसापुढे दोन वाटा असतात: बाहेर पडणे किंवा आवाज उठवणे. निष्ठा या दोहोंच्या मध्ये उभी असते. ती माणसाला लगेच बाहेर पडू देत नाही आणि बोलून पाहण्यास उद्युक्त करते. आपल्या संदर्भात याचा अर्थ सरळ आहे. राजीनाम्याआधी बोलणे घडले पाहिजे. पाळी बदलून मिळेल का, दुसऱ्या विभागात जाता येईल का, बढतीचा निकष कोणता, हे वरिष्ठांना स्पष्ट आणि शक्यतो लेखी विचारावे. उत्तर मिळून काही बदलले तर राहण्याला अर्थ आहे. दोन-तीनदा विचारूनही काहीच हलले नाही, किंवा विचारणे हाच अपराध ठरू लागला, तर पहिली खूण पटली असे समजावे.

दुसरी खूण शरीर आणि मन देतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या ठिकाणच्या, वेळीच न हाताळलेल्या दीर्घ ताणातून येणाऱ्या अवस्थेची तीन लक्षणे नमूद केली: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा आणि कार्यक्षमतेत घट. संघटनेने तिला आजार म्हटलेले नाही, कामाशी निगडित घटना म्हटले आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कारण त्यामुळे दोषाचा रोख केवळ माणसाच्या दुबळेपणाकडे न राहता कामाच्या रचनेकडेही वळतो. चार दिवसांच्या रजेने, चतुर्थीच्या सुट्टीने जो थकवा उतरतो तो साधा थकवा. सुट्टी संपवून परतलेल्या पहिल्याच दिवशी तो पूर्ववत होत असेल आणि हे महिनोन्महिने चालत असेल, तर विश्रांती हा त्यावरचा उपाय नव्हे.

तिसरी खूण शिकण्याची. गेल्या दोन वर्षांत या नोकरीने आपल्याला असे काय शिकवले, ज्याचे मोल दुसरीकडे होईल? या प्रश्नाला उत्तर सापडत नसेल तर आपण पगार घेत असतानाच आपली बाजारातील किंमत गमावत आहोत. ‘इतकी वर्षे दिली, आता कशी सोडायची’ हा युक्तिवाद येथे घातक ठरतो. दिलेली वर्षे राहिल्याने परत येत नाहीत आणि निघाल्यानेही परत येत नाहीत; निर्णय पुढच्या वर्षांचा असतो. गोव्याने याचे कठोर उदाहरण पाहिले आहे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मधल्या काळात काही प्रमाणात सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ लिजांचे नूतनीकरण रद्द ठरवल्यावर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. डिचोली, सांगे, सत्तरीतील अनेक कुटुंबांनी ‘पुन्हा सुरू होईल’ या भरवशावर वर्षे काढली. त्यांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. ट्रकांची कर्जे डोक्यावर होती आणि पर्याय थोडे होते. परंतु ज्यांनी पहिल्या बंदीनंतर दुसरे काही शिकून घेतले, त्यांना दुसरा धक्का त्या मानाने सोसता आला.

खुणा पटल्या तरी निघण्याचा दिवस हिशेबानेच ठरवावा लागतो. नव्या संहितांचा येथे संबंध येतो. कायम कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांच्या सलग सेवेची अट कायम आहे. ठरावीक मुदतीच्या करारावरील कामगाराला मात्र आता एका वर्षाच्या सेवेनंतर ती प्रमाणशीर मिळू शकते. ग्रॅच्युइटीचा हिशेब सेवेच्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचे वेतन आणि महिन्याचे दिवस २६ असा होतो. मासिक वेतन २४ हजार रुपये असेल तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे ६९ हजार २३० रुपये होते. पाच वर्षे भरायला दोन महिने उरले असताना रागाच्या भरात राजीनामा देणारा या रकमेवर पाणी सोडू शकतो. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरण्याची तरतूदही आता आहे. त्यामुळे कागदावर मूळ पगार कमी दाखवण्याच्या जुन्या पद्धतीला आळा बसावा, अशी अपेक्षा आहे. राजीनाम्यानंतर थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत देणे मालकावर बंधनकारक आहे. नेमणूकपत्र देणेही सक्तीचे झाले आहे. नोटीस किती दिवसांची, हे त्यात पाहून घ्यावे.

भविष्य निर्वाह निधीबाबत सावध राहिलेले बरे. सलग पाच वर्षे पूर्ण होण्याआधी रक्कम काढल्यास तिच्यावर कर लागू शकतो आणि निवृत्तिवेतनाच्या पात्रतेसाठी दहा वर्षांची सेवा लागते. म्हणून नोकरी बदलताना पैसे काढण्यापेक्षा खाते नव्या ठिकाणी वर्ग करणे हिताचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय विश्वस्त मंडळाने बेरोजगार सदस्याला ७५ टक्के रक्कम लगेच आणि संपूर्ण रक्कम १२ महिन्यांनंतर काढू देण्याचा निर्णय घेतला. म्हणजे पूर्ण निधी हाती येईल या भरवशावर राजीनामा देणे शहाणपणाचे नाही. घरखर्च आणि कर्जाचे हप्ते किमान सहा महिने भागतील इतकी शिल्लक गाठीशी असावी. ती नसेल तर ती जमवणे हीच सोडण्याची पहिली पायरी.

अर्थात हा सारा विचार ज्याला करता येतो तोही काहीसा भाग्यवानच. कंत्राटदाराकडे राबणारी सफाई कामगार, हंगाम संपला की घरी बसणारा हॉटेलातील वाढपी, यांना निवड करण्याइतकी उसंत नसते. त्यांना ‘मनासारखे काम शोधा’ असा सल्ला देणे ही क्रूर थट्टा होईल. त्यांच्यासाठी संहितांतील तरतुदी कागदावरून कारखान्यांत आणि हॉटेलांत उतरणे हाच खरा दिलासा; ती जबाबदारी कामगार खात्याची आहे.

सरकारचीही एक बाजू आहे. गोवा कर्मचारी निवड आयोगामार्फत संगणकाधारित परीक्षा होऊ लागल्या, हे योग्य पाऊल होते. त्यापुढे जाऊन रिक्त पदे आणि परीक्षांच्या तारखा यांचे वार्षिक वेळापत्रक आगाऊ जाहीर व्हावे. परीक्षांच्या तारखांपुरते केंद्रीय लोकसेवा आयोग ते दरवर्षी करतो. कोणत्या वर्षी किती जागा निघणार हे ठाऊक असेल तर उमेदवार दोन प्रयत्न करील आणि न जमल्यास निश्चिंत मनाने दुसरी वाट धरील. अनिश्चिततेमुळे आज तो ना इकडचा ना तिकडचा होतो.

नोकरी सोडणे हे शौर्य नव्हे आणि टिकून राहणे हा भ्याडपणाही नव्हे. आपण का राहिलो आहोत, याचे आजच्या तारखेचे एखादे कारण सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल, बोलून झाले असेल आणि हिशेबही जुळत असेल, तर जाहिरातीची वाट पाहण्यात अर्थ नाही.