बढतीची तयारी वॉर्डातच सुरू होते

वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरचा दिवस सकाळच्या राउंडने सुरू होतो. मग ओपीडी, शस्त्रक्रिया, रेसिडेंटच्या शंका, विद्यार्थ्यांचे क्लिनिक आणि आठवड्यातून एखादी इमर्जन्सीची रात्र. या धबडग्यात चार वर्षे कधी सरतात ते कळत नाही. एक दिवस सहयोगी प्राध्यापकपदासाठी कागदपत्रे मागवली जातात आणि शोधनिबंधांच्या रकान्यापाशी पेन अडते. हजारो रुग्ण तपासलेले असतात, शेकडो विद्यार्थी हाताखालून गेलेले असतात. पण दाखवायला कागद नसतो.

नियम तसे गुंतागुंतीचे नाहीत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाला सहयोगी होण्यासाठी ४ वर्षांचा अनुभव आणि २ शोधनिबंध लागतात. प्राध्यापकपदासाठी सहयोगी म्हणून ३ वर्षे आणि एकूण ४ शोधनिबंध हवेत. त्यांतले किमान २ सहयोगी असतानाचे. निबंध मान्यताप्राप्त सूचीतल्या नियतकालिकात यावा लागतो आणि लेखकाचे नाव पहिल्या तिघांत किंवा पत्रव्यवहाराचा लेखक म्हणून असावे लागते. शिवाय अध्यापन तंत्राचा आणि जैववैद्यकीय संशोधनाचा असे दोन पायाभूत अभ्यासक्रम पूर्ण करायचे असतात.

२०२५ च्या नियमावलीने आणखी एक दार उघडले. २२० किंवा अधिक खाटांच्या सरकारी रुग्णालयात १० वर्षे काम केलेला पदव्युत्तर पदवीधारक तज्ज्ञ सहयोगी प्राध्यापक होऊ शकतो. २ वर्षे काम केलेला सहायक प्राध्यापक होऊ शकतो. संशोधनाचा अभ्यासक्रम मात्र नियुक्तीनंतर २ वर्षांत पूर्ण करायचा. नाशिकसारख्या शहरात, जिथे जिल्हा रुग्णालयाच्या आधारावर वैद्यकीय शिक्षण उभे राहत आहे, तिथे याचा अर्थ मोठा आहे. काल फक्त रुग्ण पाहणारे तज्ज्ञ उद्या शिक्षक म्हणून ओळखले जातील, आणि पुढच्या बढतीचा प्रश्न त्यांच्याही समोर येईल.

खरी अडचण शेवटच्या सहा महिन्यांतल्या घाईत आहे. मुदत जवळ आली की पैसे भरून आठवड्यात निबंध छापणारी नियतकालिके आठवतात. विद्यार्थ्याचा प्रबंध उचलून त्यावर गुरुजींचे नाव पहिले लागते. ज्यांनी एकही रुग्ण पाहिला नाही, त्यांची नावे लेखकांच्या यादीत येतात. संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा निकष स्पष्ट आहे: संशोधनाच्या आखणीत किंवा विश्लेषणात खरा वाटा, मसुद्यात सहभाग, अंतिम मजकुराला संमती आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी, या चारही अटी पूर्ण करणाराच लेखक. प्रबंधाचे काम ज्या रेसिडेंटने केले, पहिले नाव त्याचेच असायला हवे. मार्गदर्शकाला पत्रव्यवहाराच्या लेखकाची जागा नियमानेच खुली आहे.

हा केवळ सचोटीचा मुद्दा नाही. घाईत जुळवलेली आकडेवारी कुणीतरी वाचते, तिच्या आधारे औषधाचा डोस ठरतो, आणि त्याची किंमत अखेर खाटेवरचा रुग्ण मोजतो.

उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. विंचूदंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत होती. त्यांनी प्रत्येक रुग्णाचा रक्तदाब, घाम, नाडी, हातापायांचा गारठा बारकाईने टिपून ठेवला. त्या टिपणांवरचा त्यांचा निबंध १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे प्राझोसिन या औषधाचा वापर त्यांनी रूढ केला आणि विंचूदंशाचे मृत्यू कितीतरी कमी झाले. तिथे ना मोठी प्रयोगशाळा होती, ना बढतीची फाइल. होती ती एक वही आणि सुटत नसलेला प्रश्न.

नाशिकमध्ये असे प्रश्न कमी नाहीत. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण या आदिवासी तालुक्यांतून सर्पदंश, सिकलसेल, रक्तक्षय, कुपोषण यांचे रुग्ण येतात. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात कीटकनाशकांचा प्रश्न आहे. २०२७ मध्ये सिंहस्थाची स्नाने होतील आणि अफाट गर्दी लोटेल. २०१३ च्या अलाहाबाद कुंभात हार्वर्डच्या अभ्यासकांनी मेळ्यातल्या दवाखान्यांच्या नोंदी टॅबलेटवर घेऊन आजारांचा माग काढला. असे काम इथल्या डॉक्टरांनी स्वतः करावे यात अशक्य काय आहे? पण त्यासाठी प्रश्न आज ठरवावा लागेल, कारण गर्दी ओसरल्यावर जुने केस पेपर चाळून फारसे हाती लागत नाही.

तयारीचा क्रम साधा आहे. रुजू झाल्या वर्षीच दोन्ही अभ्यासक्रम उरकावेत. संशोधनाचा अभ्यासक्रम चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेमार्फत ऑनलाइन करता येतो. आपल्या वॉर्डातला एकच प्रश्न निवडावा आणि त्याला चार वर्षे चिकटून राहावे. नोंदीला हात घालण्यापूर्वी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी घ्यावी. ती मागाहून मिळत नाही. औषधाची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नाव घालावे. १ एप्रिल २०१८ पासून हे बंधनकारक आहे. संख्याशास्त्रज्ञाला शेवटी नव्हे, आखणी करतानाच भेटावे. घेतलेली व्याख्याने, क्लिनिक, परीक्षक म्हणून केलेले काम, मिळालेली प्रमाणपत्रे, नियुक्तीचे आणि सेवाखंडाचे आदेश एका फाइलमध्ये तारीखवार लावत जावेत. महिन्याला अर्धा तास पुरतो.

मात्र सारा भार डॉक्टरांवर टाकून चालणार नाही. ज्या विभागात मंजूर पदांपैकी निम्मी रिकामी आहेत, तिथल्या शिक्षकाला संशोधनाला वेळ मिळणार कुठून? आठवड्यातली एक दुपार संशोधनासाठी राखून ठेवणे आणि प्रत्येक महाविद्यालयात एक पूर्णवेळ संख्याशास्त्रज्ञ देणे ही फार मोठी मागणी नाही. १९९० मध्ये अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयर यांनी शिकवण्याला आणि ज्ञानाच्या प्रत्यक्ष वापरालाही विद्वत्तेचा दर्जा द्यावा, असे मांडले. तिथल्या अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत उत्तम शिकवणाऱ्या क्लिनिशियनसाठी बढतीची वेगळी वाट आहे. आपल्याकडे खाटेपाशी शिकवण्याचे मोल मोजणारा रकाना अजून दुबळाच आहे.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. राज्यभरातल्या संलग्न महाविद्यालयांचे एमडी-एमएसचे प्रबंध या विद्यापीठाकडे जमा होतात. त्यांतले किती निबंधरूपाने छापले जातात आणि त्यात विद्यार्थ्याचे नाव कुठे असते, याची वर्षातून एकदा पाहणी करून ती जाहीर केली, तर बढतीच्या घाईतले पुष्कळ गैरप्रकार आपोआप कमी होतील.