हातचे हुन्नर : जेटचा आकडा

चेंबूरच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा आयटीआय करून एका गॅरेजमध्ये हेल्पर म्हणून लागला. तेथे शौकीन मालकांच्या जुन्या परदेशी स्पोर्ट्स गाड्या येतात. ताई लिहितात की नट खोलणे, धुणे, पुसणे ही सगळी कामे मुलगा करतो. पण कार्बोरेटर उघडायची वेळ आली की मिस्त्री त्याला चहा आणायला पिटाळतात. कोणते जेट टाकले ते लिहून ठेवत नाहीत. विचारले तर ‘कानाने कळते’ म्हणतात. मागच्या महिन्यात एका गाडीचा पिस्टन जळाला तेव्हा मात्र बोट मुलाकडे गेले आणि पगारातून पैसे कापायची भाषा सुरू झाली.

कानाने कळते हे खोटे नाही. पण कानाला जे कळते ते आकड्यातही सांगता येते. भगवान बुद्धांनी शेवटच्या दिवसांत आनंदाला सांगितले होते की आपण शिष्यांपासून मुठीत काही झाकून ठेवलेले नाही. पाली वाङ्मयात त्या झाकल्या मुठीला ‘आचरियमुट्ठि’ म्हणतात. गॅरेजमधली ही मूठ आपण आज उघडू. ताई, हा अंक मुलाच्या हाती द्या.

रॉकेलचा स्टो ज्या घरात पेटला आहे त्या घराला जेट म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. स्टोचे निपल म्हणजे जेटच. भोक मोठे झाले की ज्योत पिवळी होते, भांडी काळी पडतात. इंजिनातही हाच हिशेब आहे. एक किलो पेट्रोल पुरते जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पूर्ण ताकद हवी असेल तर पेट्रोल थोडे जास्त, म्हणजे साडेबारा-तेरा किलो हवेला एक किलो, असे प्रमाण ठेवतात. पेट्रोल गरजेपेक्षा कमी पडले तर मिश्रण ‘लीन’, जास्त झाले तर ‘रिच’.

उदाहरणाला इंग्लंडची लोटस एलान घेऊ. ही गाडी १९६२ साली आली. इंजिन १५५८ सीसी, चार सिलिंडर, आणि बऱ्याच गाड्यांवर इटलीच्या वेबर कंपनीचे ४० डीसीओई जातीचे दोन आडवे कार्बोरेटर. प्रत्येकाला दोन गळे, म्हणजे एका सिलिंडरला एक गळा. वेबरच्या जेटवरचा आकडा गूढ नाही. तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. १२० म्हणजे १.२० मिलिमीटरचे भोक.

गळ्यातल्या अरुंद नळीला वेबरवाले चोक म्हणतात (सकाळी गाडी चालू करताना ओढतो तो चोक वेगळा). जुन्या कारागिरांचा ठोकताळा असा की चोकच्या मिलिमीटरला चारने गुणावे. ३० चा चोक असेल तर मेन जेट १२०. त्यात ५० मिळवले की एअर करेक्टर, म्हणजे १७०. ही फक्त सुरुवात आहे. कंपनीच्या पुस्तकात त्या इंजिनाचे आकडे मिळाले तर ते आधी धरावेत.

आता कोणते जेट काय करते ते पाहा, कारण येथेच पुष्कळजण फसतात. मेन जेट बदलले की मधल्या वेगापासून वरपर्यंत सगळीकडे पेट्रोल कमीजास्त होते. एअर करेक्टरमधून हवा येते, म्हणून त्याचे उलटे. आकडा मोठा केला की मिश्रण लीन होते, आणि त्याचा परिणाम मुख्यतः वरच्या आरपीएमला दिसतो. एमल्शन ट्यूब शक्यतो हलवू नये. राहिले आयडल जेट. नावावरून ते फक्त गाडी उभी असतानाचे वाटते, पण वेबरमध्ये हलक्या पायाने शहरात फिरताना गाडी बराच वेळ याच जेटवर चालते. सिग्नलवरून उचलताना गाडी अडखळते, कार्बोरेटर खोकतो आणि मिस्त्री मेन जेट वाढवत बसतात, असे किती गॅरेजमध्ये चालले असेल! दोष आयडल जेटचा, शिक्षा मेन जेटला. पेट्रोल वाढते, अडखळणे तसेच राहते.

जेटला हात लावण्याआधी बाकीचे तपासून घ्यावे. व्हॉल्व्हचे अंतर, इग्निशनचे टायमिंग, प्लग, गॅस्केटमधून हवा शिरते का, फ्लोटची पातळी, आणि दोन्ही कार्बोरेटर सारखे ओढतात का. यातले एक चुकले तर जेट बदलून काही साधत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, पण चारही गळ्यांत सारखी. आणि वहीत लिहावी.

सुरुवात नेहमी रिच बाजूने करून खाली यावे. रिच गाडी काळा धूर सोडते, प्लगवर काजळी धरते, पेट्रोल पिते, फार झाले तर ऑईलही पातळ करते. पण ती लगेच मरत नाही. लीन गाडी पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर तापते, ठोके देते आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पाडते. टायमिंग पुढे असले तरी हेच होते. तेव्हा पिस्टन जळाला म्हणून लगेच हेल्परने काही केले असे धरता येत नाही. आधी जेटचा आकडा आणि टायमिंग पाहावे लागते.

प्लगचा रंग पाहायची जुनी पद्धत अजून उपयोगी आहे. नवा प्लग घालून, मोकळ्या रस्त्यावर चढाला पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा, मग क्लच दाबून इग्निशन बंद करायचे आणि प्लग काढून पाहायचा. फिकट तपकिरी बरा, काळा म्हणजे रिच, पांढराफटक म्हणजे लीन. मात्र २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळते, त्यावर रंग पूर्वीसारखा उमटत नाही. सायलेन्सरमध्ये ऑक्सिजनचा सेन्सर लावून प्रमाण दाखवणारे मीटर मिळते. गॅरेजने ते घेतलेले बरे.

आता आजच्या काळाची गोष्ट. फेब्रुवारी २०२३ पासून आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले आणि आता ते सगळीकडे पोहोचले आहे. इथेनॉलच्या किलोला सुमारे ९ किलोच हवा पुरते. मिसळलेल्या पेट्रोलला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला जवळजवळ ९ टक्के जास्त पेट्रोल द्यावे लागते. जेट मात्र तेच राहिले तर गाडी लीन झाली! भोकाचे क्षेत्रफळ आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १२० चा वर्ग १४,४००. १२५ चा वर्ग १५,६२५. वाढ साडेआठ टक्के. म्हणजे १२० च्या जागी १२५ टाकला की हिशेब जवळपास जुळतो. आठवीतला मुलगा हे गणित मांडू शकतो, आणि मालकाला कागदावर दाखवू शकतो. जुने रबर आणि गॅस्केट इथेनॉलने खराब होऊ शकतात, तेही त्याच वेळी पाहावे.

महाबळेश्वरला नेली की हीच गाडी रिच वाटेल, कारण तेथे हवा विरळ. त्यासाठी जेट बदलायची घाई करू नये, दोन दिवसांनी गाडी खाली येतेच.

जेट तुंबले तर तार घालू नये. स्टोला पिन मारायची आपल्याला सवय, पण पितळ मऊ असते. तारेने १२० चे जेट कितीचे झाले ते कोणी सांगू शकत नाही, आकडा मात्र १२० चाच राहतो. कार्बोरेटर क्लीनरने धुवावे, हवा मारावी.

आणि पावसात शटर अर्धे ओढून इंजिन चालू ठेवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोके दुखले, उलटीसारखे झाले तर काम टाकून बाहेर यावे.

ताई, मुलाला एक दोनशेपानी वही घेऊन द्या. प्रत्येक गाडीची तारीख, चोक, चार जेटचे आकडे, टायमिंग आणि प्लगचा रंग त्यात लिहू द्या, मिस्त्रींची सही मिळाली तर तीही. जळालेल्या पिस्टनच्या गाडीत त्या दिवशी कोणते जेट होते हे आता समजले, तर पत्राने कळवावे. सोबत इग्निशनचे टायमिंगही लिहावे. पुढच्या अंकात त्याच गाडीचा हिशेब मांडू.