सही बाईची पाहिजे



मोर्चा निघाला की पुढची रांग बायांची असते. तहसील कचेरीसमोर दिवसभर उन्हात बसायचं काम बायांचं. घरून भाकर बांधून आणतात, लेकरू काखेत असते, घोषणाही त्याच देतात. संध्याकाळी साहेब निवेदन घ्यायला तयार होतात आणि सांगतात, "चार-पाच जण आत या." आत कोण जाते? सारे मर्द. बाहेर आल्यावर तेच सांगतात काय बोलणं झालं ते. दिवसभर ज्या उन्हात बसल्या त्या ऐकून घेतात आणि घराकडे निघतात, कारण चूल पेटवायची असते.

मार खायची वेळ येते तेव्हा मात्र कोणी बायांना मागे ठेवत नाही. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात गोवारी बांधवांच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. त्यात बाया आणि लेकरंच जास्त होती. आपण दरवर्षी त्यांना श्रद्धांजली वाहतो. राणी दुर्गावतीचा फोटो बॅनरवर लावतो. १५६४ साली मोगल फौजेशी लढता लढता ती मेली हे पोरांना सांगतो. आणि ग्रामसभेत एखादी बाई उठून बोलायला लागली की मागून आवाज येतो, "बस व बाई, तुले काय समजते?"

या वेळचं संपादकीय यावरच आहे. मन दुखवायला लिहित नाही. पवनी तालुक्यात ज्या गावांनी सामूहिक वनहक्काचं काम हाती धरलं आहे, त्यांचं काम या एका गोष्टीवर अडू शकते, म्हणून लिहितो.

कायदा काय म्हणते

वनहक्क कायदा २००६ चा. नियम १ जानेवारी २००८ ला आले, २०१२ मध्ये सुधारले. वनहक्क समिती ग्रामसभेने निवडायची, दहा ते पंधरा जणांची. त्यात कमीत कमी एक तृतीयांश बाया पाहिजेत. म्हणजे पंधरा जणांच्या समितीत पाच. ग्रामसभेत गावच्या निम्म्या लोकांची हजेरी पाहिजे आणि हजर असलेल्यांपैकी एक तृतीयांश बाया पाहिजेत. तेवढ्या नसल्या तर कोरम नाही, आणि कोरम नाही तर ठराव टिकत नाही.

आता खरं बोलू. किती गावांत सभा आधी होते आणि रजिस्टर मागून घरोघर फिरते? बाई धान पाखडत असते, कोणीतरी येतो, "इथं अंगठा मार" म्हणतो, ती मारते. कशावर मारला हे तिला माहीत नसते. उद्या उपविभागीय समितीने किंवा वनखात्याच्या माणसाने तिला विचारलं, "बाई, सभेत काय ठरलं?" तर ती काय सांगेल? तिच्या गप्प राहण्याने अख्ख्या गावाचा दावा संशयात येतो. आपल्या हाताने आपण विरोधकाला कारण देतो.

आणखी एक गोष्ट आपल्या भंडारा जिल्ह्याची. शेजारच्या गडचिरोलीत, चंद्रपुरात अनुसूचित क्षेत्र आहे, तिथल्या त्या गावांना पेसा कायद्याचा आधार मिळतो. आपला जिल्हा त्या यादीत नाही. आपल्यापाशी जंगलासाठी मुख्य हत्यार एकच, वनहक्क कायदा. ते नीट धरलं पाहिजे.

जंगल कोणाला माहीत आहे

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे अंधारात मोहाखाली कोण असते? तेंदूची पानं तोडणं, सत्तर-सत्तर पानांचा पुडा बांधणं, डोक्यावर गठ्ठा घेऊन फळीवर जाणं कोण करते? सरपण, चारोळी, डिंक, टोरी, रानभाजी कोण आणते? कोणत्या नाल्याला उन्हाळ्यात पाणी राहते, कोणत्या बोडीवर जनावर येते, हे बायांना पायाखालच्या वाटेसारखं माहीत असते.

तरी सामूहिक दाव्याचा नकाशा काढायला गेले की गावातले चार मर्द आणि एक शिकलेला पोरगा जातो. ते गाडीवाटेने जातात आणि गाडीवाटेनेच येतात. नकाशावर देव येतो, मोठा तलाव येतो, गुरांचा रस्ता येतो. मोहाची रांग राहून जाते, सरपणाचा पट्टा राहून जाते. जे नकाशात आलं नाही ते उद्या मागता येत नाही. पुढे वनरक्षक अडवतो ती बाईच असते, आणि दाखवायला कागद नसतो.

आपल्या तालुक्यात हे जास्त जपून करावं लागते. २०१२ मध्ये उमरेड-पवनी-करांडला अभयारण्य जाहीर झालं. जंगलाच्या कडेच्या गावांना आता वाघाचीही भीती आहे आणि गेटचीही. कायदा म्हणते की अभयारण्यातले हक्कसुद्धा तपासून, मान्य करूनच पुढचं काही करता येते, आणि गाव उठवायचं तर ग्रामसभेची लेखी संमती लागते. ती संमती देणारी किंवा नाकारणारी सभा कोणाची? निम्मी बायांची.

गोसेखुर्दने शिकवलं ते

२२ एप्रिल १९८८ ला गोसेखुर्द धरणाची पायाभरणी झाली. वैनगंगेच्या काठची कितीतरी घरं, बांध्या, मामा तलाव, देवस्थानं पाण्याखाली गेली. जुन्या बाया आजही सांगतात की मोबदला कधी आला आणि कधी गेला हे त्यांना कळलंच नाही. ज्याच्या नावाने सातबारा, त्याच्या हाती पैसा. बाईने त्याच बांधीत जन्मभर रोवणा केला, पण कागदावर तिचं नाव नव्हतं. घर मोडलं, पैसा संपला, आणि तिला कोणी पुसलंही नाही.

वनहक्क कायद्यात ही चूक होऊ नये म्हणून कलम ४(४) आहे. हक्कपत्र नवरा-बायको दोघांच्या नावाने. एकटी बाई घर चालवत असली, विधवा असो की नवऱ्याने सोडलेली असो, तर तिच्या एकटीच्या नावाने. ही जमीन वारसाने लेकरांना जाते, विकता येत नाही. ज्यांच्या घरी हक्कपत्र आलं आहे त्यांनी आजच पेटीतून काढून पाहावं. दोन नावं आहेत का? नसतील तर संघटनेकडे या.

"बायांना जमत नाही" म्हणणाऱ्यांसाठी

एक म्हणणं असते की बायांना हिशोब येत नाही. गावातला बचत गट कोण चालवते? दर महिन्याला पैसा गोळा करणं, कर्ज देणं, व्याज धरणं, बँकेत जाऊन भरणं, सगळं बाया करतात. अंगणवाडीचं रजिस्टर, आशाताईची वही, शाळेतल्या जेवणाचा हिशोब, सगळीकडे बाईचाच हात. तिथे जमते आणि वनहक्क समितीच्या पासबुकाजवळ आलं की जमत नाही, हे कसं?

दुसरं म्हणणं, बाया बोलत नाहीत. १९७२ च्या सुमारास शहाद्याला श्रमिक संघटनेत आदिवासी मजूर एकत्र आले, मजुरी आणि जमिनीसाठी. बायांनी तिथेच आपला प्रश्न मांडला, दारूचा आणि दारू पिऊन होणाऱ्या मारहाणीचा. नुसता मांडला नाही, गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. त्याआधी १९४५ मध्ये ठाण्याकडच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. त्यात गोदावरी परुळेकर पुढे होत्या. त्या शहरातून आलेल्या शिकलेल्या बाई, पण त्यांच्या सभांना पाड्यावरच्या वारली बायाही येत होत्या.

आपल्या शेजारचंच पाहा. डिसेंबर २०१० मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या हजारो बाया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी गेल्या. श्रमिक एल्गार संघटना आणि ॲड. पारोमिता गोस्वामी पुढे होत्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरात दारूबंदी लागू झाली. पण २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. बायांनी चालून मिळवलेलं सरकारने कागदाच्या एका आदेशाने परत घेतलं. यातून आपण काय घ्यायचं? मोर्चा लागतोच. पण निर्णय दुसऱ्याच्या टेबलावर राहिला तर तो फिरू शकते.

म्हणून सही आणि शिक्का गावात पाहिजे. मेंढा (लेखा) गावाला १५ ऑगस्ट २००९ ला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ ला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. २०१२ च्या नियमांनी ही तरतूद सगळ्यांसाठी केली: ग्रामसभेची समिती वनउपजाच्या वाहतुकीचा परवाना देऊ शकते. म्हणजे तेंदूपत्ता कोणाला विकायचा, भाव काय, फळीवर मुन्शी कोण, पुडा कोण मोजणार, हे गाव ठरवू शकते. पान तोडणारी बाई तिथे सही करणारी नसेल, तर मालक बदलून तिला काय मिळालं?

आपल्या घरातलंही सांगू

दुसऱ्यावर बोट दाखवणं सोपं. आपल्या संघटनेची बैठक होते तेव्हा सतरंजीवर पुढे मर्द आणि भिंतीला टेकून बाया. चहा बायाच करतात. जिल्ह्याला जायचं असलं की "बाई एकटी कशी जाईल" म्हणून मर्दाचं नाव लागते. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीत बायांना निम्म्या जागा आहेत, पण सरपंच बाई आणि खुर्चीवर तिचा नवरा, हे आपल्या कार्यकर्त्यांच्या घरातही आहे. हे पत्रक काढणारे आम्हीही त्यातलेच. एका बैठकीत एका म्हाताऱ्या मायने तोंडावर विचारलं, "आमाले मोर्च्यात नेता, मंग मिटिंगमधी काऊन पुसत नाई?" आमच्यापाशी उत्तर नव्हतं. हे संपादकीय त्या मायचं उत्तर म्हणून लिहिलं असं समजा.

पुढच्या ग्रामसभेच्या आधी

एक. आपल्या टोलीतल्या वनहक्क समितीची यादी काढा. बाया एक तृतीयांश आहेत का मोजा. अध्यक्ष किंवा सचिव, दोघांपैकी एक बाईच असावी असा ठराव घ्या.

दोन. समितीच्या बँक खात्यावर दोन सह्या, त्यातली एक बाईची. पासबुक दर सभेत मोठ्याने वाचायचं.

तीन. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असं ग्रामपंचायत कायदाच सांगतो. ती खरोखर घ्या. वेळ बायांना विचारून ठेवा. रोवण्याच्या आणि तेंदूच्या दिवसांत दुपारची सभा ठेवली म्हणजे बाया येऊच नयेत असा बंदोबस्त केल्यासारखं होते.

चार. दाव्याचा नकाशा पुन्हा काढा, बायांच्या वाटेने चालून. म्हाताऱ्या बायांचे जबाब लिहून घ्या. ज्येष्ठांचा लेखी जबाब हा कायद्याने पुरावा आहे.

पाच. विधवा आणि एकट्या बायांचे दावे राहिले असतील तर ते आधी घ्या. भावाच्या किंवा दिराच्या दाव्यात त्यांना बुडवू नका.

सहा. बाईच्या ठिकाणी नवऱ्याची सही घ्यायची नाही. अंगठा असला तरी तिचाच, आणि ठराव वाचून दाखवल्यावरच.

मर्द बांधवांना एवढंच सांगणं आहे की यात कोणाचं काही हिसकावून घ्यायचं नाही. दावा तुमचाही आहे. कोरम पुरा झाला, नकाशा पुरा झाला, हिशोब उघडा राहिला तर गाव जिंकते. आणि आयाबहिणींनो, पुढच्या सभेत भिंत सोडा, पुढे येऊन बसा. पहिल्या दिवशी आवाज कापेल. कापू द्या. रजिस्टर मागा, वाचायला लावा, मगच सही करा.

ज्या गावात या सहापैकी तीन गोष्टी झाल्या त्यांनी संघटनेच्या कार्यालयात निरोप द्यावा. पुढच्या अंकात त्या गावाची हकीकत छापू, आणि ती गावातल्या बाईनेच सांगावी.

जय सेवा!