दिवा नको, बिघाड काढा

‘मीटरमधला तो दिवा तेवढा बंद करून द्या.’ एअरबॅगचा दिवा पेटून राहिलेली गाडी गॅरेजात आली की बऱ्याच मालकांचे मागणे एवढेच असते. मागणेच चुकीचे आहे, आणि ते शब्दशः पुरे करून देणारेही भेटतात. कोणी मीटर उघडून बल्ब काढतो. कोणी त्याची वायर दुसऱ्याच दिव्याला जोडतो. अपघातात एअरबॅग फुटून गेलेली असेल तर तिच्या जागी दोन-तीन ओहमचा रेझिस्टर बसवून, डॅशबोर्ड शिवून गाडी विकायला उभी केली जाते. रेझिस्टर पाहून एअरबॅगच्या मॉड्यूलला वाटते पिशवी जागेवर आहे. गाडी घेणाऱ्यालाही तसेच वाटते. आमच्या मते ही दुरुस्ती नाही, माणसाच्या जिवाशी केलेली लबाडी आहे.

चावी फिरवली की बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे गोल फुगा असे चित्र काही सेकंद उजळते आणि विझते. त्या सेकंदांत मॉड्यूल आपल्या सगळ्या वायरी, सेन्सर आणि पिशव्या तपासून घेतो. चित्र विझलेच नाही तर यंत्रणा पूर्ण किंवा काही अंशी बंद पडलेली आहे असे समजावे. धडक बसल्यावर पिशवी उघडायला सेकंदाचा विसावा-तिसावा भाग मिळतो, तेव्हा ती उघडणारच नाही. शिवाय अनेक गाड्यांत पट्टा क्षणात आवळून धरणारे प्रिटेन्शनर याच मॉड्यूलच्या हुकमावर चालतात. म्हणजे एका दिव्याकडे डोळेझाक केली की पिशवीबरोबर पट्ट्याचाही अर्धा आधार जाऊ शकतो.

बोईसर-तारापूरच्या गाड्यांना हा दिवा छळतो त्याची कारणे इथल्या हवेत शोधावीत. चिंचणी-तारापूरकडून खारा वारा येतो, पावसाळ्यात गाडीतले कार्पेट आठवडा-आठवडा ओले राहते, आणि कारखान्यांच्या आवारात उभ्या गाड्यांवर रसायनांची वाफ बसते. पुढच्या सीटखाली पिवळ्या रंगाचे कपलर असतात. त्यांच्या पिनांवर पांढरा-हिरवा थर चढला की रोध वाढतो आणि मॉड्यूल बिघाड नोंदवतो. सीट पुढे-मागे सरकवताना वायर ओढली गेली, कव्हर बसवणाऱ्याने सीट काढून कपलर नीट दाबला नाही, एवढ्यानेही तेच होते. हॉर्न अधूनमधून वाजत नसेल आणि स्टीअरिंग वळवताना दिवा लागत असेल तर स्टीअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग तुटत आली असण्याची शक्यता मोठी. बॅटरी पार उतरून गेली, तरीही बिघाडाची नोंद मागे राहते.

म्हणून पहिले काम अंदाजाचे नव्हे, स्कॅनरचे. बाजारातला स्वस्त स्कॅनर अनेकदा फक्त इंजिनाचे कोड वाचतो. एअरबॅगच्या मॉड्यूलशी बोलणारा स्कॅनर हवा. कोड वाचावा, त्यानुसार कपलर साफ करावा किंवा भाग बदलावा, मग नोंद पुसावी. आधी पुसून दिवा विझवणारा कारागीर गिऱ्हाइकाला चार दिवसांचे समाधान विकतो. घरच्या घरी यात हात घालू नये. मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प पिवळ्या वायरीला लावला तर पिशवी तोंडावर फुटू शकते. बॅटरीची तार काढली तरी मॉड्यूलमध्ये काही काळ वीज साठलेली असते, म्हणून जाणकार मेकॅनिक कंपनीच्या पुस्तकात लिहिलेली मिनिटे थांबतो. तुमचा थांबतो का, ते विचारा.

एक दोष मात्र हा दिवा दाखवत नाही. जपानच्या ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरमधले अमोनियम नायट्रेट उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षे राहून बिघडले आणि पिशवी उघडताना धातूचे तुकडे उडाले. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. भारतात होंडानेही बोलावल्या. आपली किनारपट्टी नेमकी तशाच हवेची आहे. जुनी गाडी असेल तर चेसिस नंबर देऊन कंपनीकडे चौकशी करणे फुकट आहे, आणि ती करायलाच हवी.

चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर 4 सप्टेंबर 2022 रोजी गाडीच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल गेले. दोघेही मागच्या सीटवर होते, आणि पोलिसांच्या माहितीनुसार दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पुढच्या सीटवरचे दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. त्यानंतर मागच्या पट्ट्यावर बरेच बोलले गेले, ते योग्यच होते. मागच्या सीटवर पट्टा नसेल तर आजही एक हजार रुपये दंड आहे. पण पट्टा आणि एअरबॅग ही जोडी आहे, आणि जोडीतल्या दुसऱ्या भागाची विचारपूस कोणीच करत नाही. चालकासाठी एअरबॅग 1 जुलै 2019 पासून आणि शेजारच्या सीटसाठी जुन्या मॉडेलांतही 2022 पासून सक्तीची झाली. म्हणजे कारखान्यातून निघताना पिशवी हवीच. पुढे काय? पीयूसी केंद्र धूर मोजते. खासगी गाडी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासायला 15 वर्षांनी जाते. मधल्या काळात पिशवी जिवंत आहे की मेली, हे सांगायला तो दिवाच तेवढा असतो, आणि आपण तोच काढून टाकतो.

पीयूसीच्या वेळी चावी फिरवून दिवा लागतो व विझतो का हे पाहायला अर्धे मिनिट लागते. परिवहन खात्याने ही एक ओळ त्या प्रमाणपत्रात घालावी, अशी आमची मागणी आहे. आणि बोईसर, पालघर किंवा मनोरला जुनी गाडी बघायला जाणाऱ्याला एक सांगणे: रंग, टायर बघण्याआधी चावी फिरवा. एअरबॅगचा दिवा पेटून राहिला तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वळता करून घ्या. तो मुळी लागलाच नाही, तर ती गाडी घेऊ नका.