राखीव पत्ता कशासाठी?

गेल्या काही वर्षांत कामगार संघटना, पतसंस्था आणि लहानमोठी मंडळे यांचे दप्तर कपाटातून निघून संगणकात गेले. सभासदांची नोंदवही, वर्गणीचे हिशेब, कामगार न्यायालयातील खटल्यांचे कागद, हे सारे आता कोठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर असते आणि कार्यकर्ता ते घरून, तालुक्याच्या गावाहून किंवा एसटीच्या थांब्यावरूनही उघडतो. या सोयीबरोबर जी धास्ती आली, तिच्यावर उपाय म्हणून ‘व्हीपीएन घ्या, आणि घ्यायचे तर राखीव आयपी पत्त्याचे घ्या’ असा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु दप्तराचे रक्षण आणि माणसाचे रक्षण या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि सल्ला देणारे त्यांची गल्लत करतात. राखीव पत्ता पहिल्या कामी उपयोगी पडतो. दुसऱ्या कामी तो पुष्कळदा घातक ठरतो.

व्हीपीएन म्हणजे आपले यंत्र आणि एक मधला सर्व्हर यांच्यामधील कूटबद्ध बोगदा. त्या सर्व्हरपलीकडच्या जगाला आपला पत्ता न दिसता सर्व्हरचा पत्ता दिसतो. बाजारात विकल्या जाणाऱ्या नेहमीच्या सेवेत अशा एका पत्त्याआड एकाच वेळी शेकडो ग्राहक वावरत असतात. राखीव पत्ता घेतला की त्यामागे एकटे आपण. पोस्टात वार्षिक भाडे भरून खासगी पेटी घ्यावी तसा हा प्रकार आहे. पेटीचा क्रमांक बदलत नाही, इतरांची पत्रे तिच्यात पडत नाहीत. पण पेटी कोणाची आहे हे पोस्टमास्तरला ठाऊक असते, आणि त्या क्रमांकावर येणारे प्रत्येक पत्र एकाच धन्याचे असते, हे तर कोणालाही ठाऊक असते.

या पेटीला जादा पैसे का पडतात, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारल्याशिवाय राहू नये. आजही जी पत्तेपद्धती सर्वत्र लागते ती १९८१ साली निश्चित झाली. तिच्यात एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत. पृथ्वीवरील माणसांना माणशी एकही पुरत नाही. वाटप सुरू झाले तेव्हा जे जवळ उभे होते त्यांना जहागिरी मिळाल्या. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेला १ कोटी ६७ लाख पत्त्यांचा अख्खा गठ्ठा मिळाला, तेवढाच फोर्ड या मोटार कंपनीला. तेथील संरक्षण खात्याकडे तर असे दहाहून अधिक गठ्ठे आहेत. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातील शेवटचे गठ्ठे वाटून संपले, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलच्या मध्याला आशिया-पॅसिफिक विभागाच्या कोठारातही खडखडाट झाला. त्यानंतर जे घडले ते जमिनीच्या इतिहासाहून वेगळे नाही. २०११ मध्येच मायक्रोसॉफ्टने दिवाळखोर नॉर्टेल कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरना विकत घेतले. वर उल्लेखिलेल्या तंत्रज्ञान संस्थेने २०१७ साली आपल्या गठ्ठ्याचा जवळजवळ निम्मा भाग विक्रीला काढला, आणि त्यातील मोठा वाटा ॲमेझॉनकडे गेला. त्याच ॲमेझॉनने १ फेब्रुवारी २०२४ पासून आपल्या ग्राहकांकडून दर पत्त्यामागे ताशी अर्धा सेंट आकारण्यास प्रारंभ केला. पत्ता कोणी पिकवला नाही, कोणी घडवला नाही. तो एक आकडा आहे. त्याच्यावरील ही वसुली म्हणजे रिकार्डोच्या अर्थाने शुद्ध खंड होय.

आपल्या कार्यालयात येणाऱ्या केबलवाल्याच्या जोडणीला स्वतःचा असा पत्ता बहुधा नसतो, याचे कारण हेच. अनेक घरांना आणि दुकानांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरला जातो, आणि स्वतंत्र, स्थिर पत्ता हवा असेल तर वेगळे पैसे मोजावे लागतात. वस्तुतः पत्त्यांची नवी, सहाव्या क्रमांकाची पद्धती अस्तित्वात आहे, तिच्यात पत्त्यांचा तुटवडा व्यवहारतः संभवत नाही, आणि भारतातील मोबाइल जाळ्यांनी ती मोठ्या प्रमाणावर स्वीकारलीही आहे. तरी जुन्या पद्धतीचा पत्ता सोडून चालत नाही, कारण निम्मे जग अजून तेथेच बसले आहे. ज्यांच्या हाती जुन्या जहागिरी आहेत त्यांना हे संक्रमण लवकर उरकण्याची घाई असावी, असे मानण्यास मला कारण दिसत नाही.

आता हा खंड भरून संघटनेच्या पदरात काय पडते? ओळख पडते; आणि दप्तराच्या दृष्टीने तेच हवे असते. हिशेबाच्या सर्व्हरला एकदाच सांगून ठेवता येते की, या एका पत्त्यावरून येणाऱ्यालाच दार उघड, इतर साऱ्या जगाला दार आहे हेच दिसू देऊ नकोस. मग एखाद्याचा परवलीचा शब्द चोरीस गेला तरी चोर उंबरठ्यापर्यंत पोचत नाही. बँकांशी संगणकामार्फत व्यवहार करतानाही असा स्थिर पत्ता पुष्कळदा मागितला जातो. यंत्राकरवी शेअरांचे सौदे करणाऱ्यांनाही सेबीने ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाने स्थिर आयपी पत्त्याची अट घातली, ती सौदा कोणाचा हे कळावे म्हणूनच. (सट्टेबाजाची ओळख पटवण्याची ही तत्परता बेनामी जमिनींच्या बाबतीत दिसली असती तर बरे झाले असते.)

सभासद-नोंदवहीचे महत्त्व साथींना सांगायला नको. कंत्राटी कामगारांच्या नव्या संघटनेची यादी फुटून ठेकेदाराच्या हाती पडली की पुढल्या महिन्यात कोणाकोणाला कामावर येऊ नको म्हणून सांगितले जाते, हे आपण पाहिले आहे. त्या यादीचे दार मजबूत करण्यासाठी खर्च करावा, आणि तो शक्यतो तयार सेवेवर न करता स्वतःच्या व्यवस्थेवर करावा, असे माझे मत आहे. हे काम वाटते तितके अवघड नाही. एखाद्या कंपनीकडून लहानसा सर्व्हर मासिक भाड्याने घेतला की त्याबरोबर एक स्थिर पत्ता येतो. तो पत्ता पूर्वीच्या भाडेकरूच्या उपद्व्यापांमुळे काळ्या यादीत गेलेला नाही ना, हे आधी पाहावे. त्यावर वायरगार्ड बसवावे. ही मुक्त, फुकट प्रणाली २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट आहे आणि तिचा मूळ मजकूर एखाद्या माणसाला वाचून तपासता येईल इतका आटोपशीर आहे. प्रत्येक यंत्रासाठी किल्ल्यांची एक जोडी तयार होते: उघडी किल्ली सर्व्हरला द्यायची, गुप्त किल्ली त्या यंत्राबाहेर जाऊ द्यायची नाही. दहा कार्यकर्त्यांत एक किल्ली फिरवणे हा आपल्याकडचा नेहमीचा आळस आहे. तो येथे चालणार नाही. ज्याचे त्याला दिले की, कोणी काम सोडले किंवा कोणाचा फोन हरवला तर तेवढीच किल्ली रद्द करता येते.

दोन खाचा मात्र आहेत. बोगदा मध्येच तुटला तर यंत्र मुकाट्याने उघड्या रस्त्याने जाऊ लागते. तसे न होता जोडणीच बंद पडावी, अशी तजवीज करावी लागते. दुसरे असे की, बोगदा फक्त जुन्या पद्धतीच्या पत्त्यांसाठी बांधला आणि मोबाइल मात्र नव्या पद्धतीनेही बोलत असला, तर निम्मी वाहतूक बोगद्याबाहेरून जाते आणि खरा पत्ता उघडा पडतो. आपल्याकडे हे सहज घडते. याखेरीज, सर्व्हर संघटनेच्या नावावर असावा, उत्साही तरुण साथीच्या खासगी खात्यावर नसावा. त्याची व्यवस्था किमान दोघांना ठाऊक असावी. आणि भाडे थकून पत्ता गेला तर आपलेच दार आपल्यालाच बंद होते, म्हणून दुसरी वाट राखून ठेवावी.

परंतु हेच दार त्या कार्यकर्तीने वापरावे काय, जिला कारखान्यातील अपघाताची बातमी नाव न कळता पत्रकारापर्यंत पोचवायची आहे? मुळीच नाही. राखीव पत्त्यावरून केलेली प्रत्येक हालचाल एकाच नावाखाली साठत जाते. तिला गर्दीची गरज आहे: सामाईक पत्त्याची, किंवा स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या टॉरसारख्या जाळ्याची. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण घालणे बंधनकारक केले होते. आपली नियतकालिके तो पत्ता उजळ माथ्याने छापत आली. १९७५ नंतरच्या भूमिगत पत्रकांवर तो नसे. दोन्ही कामे चळवळीचीच होती. पत्ता कोठे छापायचा आणि कोठे नाही, हे त्या वेळी सायक्लोस्टाइल यंत्र फिरवणाऱ्या पोराला कळत होते.

उलट, पत्त्यावरून माणूस ओळखण्याच्या सवयीचा धोकाही विसरता कामा नये. २००७ साली शिवछत्रपतींची बदनामी करणारा मजकूर ऑर्कुटवर आला, तेव्हा पुणे पोलिसांनी आयपी पत्त्याच्या आधारे बंगळूरच्या एका तरुण संगणक अभियंत्याला पकडून आणले. इंटरनेट कंपनीने दिलेली माहितीच चुकीची होती. त्या निरपराध माणसाचे सुमारे ५० दिवस तुरुंगात गेले. आता एकेका पत्त्यामागे अनेक घरे असतात, म्हणजे अशा चुकीला वाव वाढलाच आहे.

याच काळात राज्यसंस्थेने काय केले? सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने आदेश काढला की, व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी आणि सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांनी ग्राहकाचे पडताळलेले नाव, निवासाचा पत्ता, दूरध्वनी, त्याला दिलेला आयपी पत्ता आणि सेवा घेण्याचा हेतूसुद्धा नोंदवून, त्याने सेवा सोडल्यानंतरही ५ वर्षे जपून ठेवावा. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले. पुढे खुलासा आला तो असा की, कंपन्यांच्या अंतर्गत व्यवहारासाठी असलेल्या व्हीपीएनला हा नियम लागू नाही. म्हणजे भांडवलाच्या बोगद्याला मोकळीक, आणि नागरिकाने स्वतःसाठी बोगदा घेतला तर त्याचा हेतू नोंदवहीत. काश्मीरमध्ये तर २०२० च्या प्रारंभी, महिनोन्महिन्यांच्या बंदीनंतर इंटरनेटची अरुंद फट उघडली, तेव्हा व्हीपीएन वापरणाऱ्यांवर गुन्हे नोंदवण्यापर्यंत मजल गेली.

संघटनांनी स्वतःच्या कार्यालयासाठी उभारलेली व्यवस्था त्या खुलाशातील सवलतीत बसावी, असा अर्थ लावता येतो. सर्व्हर भाड्याने देणाऱ्याकडील नोंद मात्र टळत नाही. म्हणून पक्षाच्या जिल्हा शाखांनी दप्तरासाठी ही सोय जरूर करावी आणि तिचे भाडे वर्गणीतून उघडपणे दाखवावे. आपल्या प्रतिनिधींनी विधिमंडळात आणि संसदेत दोन गोष्टी विचाराव्यात: ‘हेतू’ नोंदवण्याची सक्ती कोणत्या गुन्ह्याच्या तपासासाठी लागते, आणि २०२२ पासून साठलेल्या या नोंदी न्यायालयाच्या आदेशाविना किती वेळा उघडल्या गेल्या.